चौथी डबी

माझ्याकडे एका जपानी ॲनिमे मालिकेच्या सहा डब्या आहेत. जाड पुठ्ठ्याच्या खोक्यात त्या शेजारी-शेजारी घट्ट बसतात. त्यातली चौथी डबी इतरांपेक्षा सोळा ग्रॅमने हलकी आहे. मी काम करते त्या प्रयोगशाळेतल्या काट्यावर मी ती एकदा तोलली होती. सोळा ग्रॅम म्हणजे एका डिस्कचं वजन. बाहेरून पाहणाऱ्याला संग्रह पूर्ण दिसतो.

ती डिस्क ओले नावाच्या माझ्या जुन्या जोडीदाराच्या प्लेअरमध्ये राहिली. आम्ही तीन वर्षं एकत्र राहिलो आणि मग वेगळे झालो. त्या दिवशी कपाटासमोर जमिनीवर बसून ‘हे तुझं, हे माझं’ करत सगळी खोकी वाटून घेतली, आणि दोघांपैकी कुणीही एकसुद्धा डबी उघडून पाहिली नाही. नंतर डिस्क मागायला फोन करावा लागला असता. तो मी केला नाही. प्रकाशकाने मालिका छापणं बंद केलं होतं, म्हणून दुकानाच्या प्रतीक्षायादीत नाव लिहून ठेवलं आणि विषय संपवला.

दोन वर्षांनी ब्रेमेनच्या ॲनिमे संमेलनात, जुन्या संग्रहांच्या विक्रीच्या टेबलावर, मला चौथी डबी दिसली. ती एका उंच माणसाच्या हातात होती.

“जरा बघू?” मी म्हणाले. संमेलनात कुणी कुणाला अहो-जाहो करत नाही.

त्याने दिली. मी डिस्क कडेने धरली आणि दिव्याखाली तिरपी करून पाहिली.

“जगेल का?” त्याने विचारलं.

“दोन बारीक ओरखडे आहेत. चालेल.”

“मग आण इकडे.”

“एक मिनिट... बाकीच्या पाच आहेत तुझ्याकडे?”

“आहेत. तुझ्याकडे?”

“सहा,” मी म्हणाले. “पण एक रिकामी आहे.”

तो हसला नाही. म्हणून मी त्याला ओलेच्या प्लेअरची गोष्ट सांगितली. ती मी तोवर कुणालाच सांगितली नव्हती.

“बघतेस कशी?” त्याने विचारलं. “डब केलेलं, की सबटायटल्स लावून?”

“सबटायटल्स. अर्थातच.”

“अर्थातच! म्हणजे तू त्यातली.”

“कशातली?”

“डबिंगवाल्यांना अडाणी समजणाऱ्यांतली.”

“अडाणी नाही,” मी म्हणाले. “आळशी.”

आता तो हसला. त्याचं नाव माल्टे. तो कृत्रिम दात घडवतो — दवाखान्यात नाही, मागच्या कामाच्या खोलीत, भिंगाखाली. “दिवसभर दुसऱ्यांच्या दाढा कोरून झाल्यावर तू मला बारीक अक्षरं वाचायला लावलीस,” तो म्हणाला, “तर मी रडेन.”

“आणि मूळ आवाज? ते मध्येच अडखळणं, तो श्वास?”

“ते तू ऐकतेस? की वाचत असतेस?”

मी डिस्क डबीत परत बसवली. पंधरा मिनिटांनी आम्ही निम्मे-निम्मे पैसे देऊन ती डबी विकत घेतली होती. करार साधा होता. डिस्क एक महिना त्याच्याकडे, एक महिना माझ्याकडे. महिन्याच्या पहिल्या रविवारी त्याच्या घरी भेटायचं, डिस्कची देवघेव करायची आणि काहीतरी एकत्र बघायचं.

माल्टे मूळचा लेअर या उत्तरेकडच्या गावचा. तिकडची माणसं चहाच्या बाबतीत फार काटेकोर. कपात आधी खडीसाखर, तिच्यावर गरम चहा ओतला की ती तडकते, मग कडेने साय, आणि ढवळायचं नाही. पुरे झाला की चमचा कपात उभा ठेवायचा; तोवर यजमान ओतत राहतो. मी तिसऱ्या कपाला चमचा ठेवायचे आणि उठायचे. पहिले सहा महिने हे घड्याळासारखं चाललं.

नोव्हेंबरमध्ये माल्टे हट्टाला पेटला. “सहा महिने तुझी सबटायटल्स सोसली. आज डबिंग.”

“सोसलीस?”

“डोळे मिटून.”

त्याने डबिंग लावलं. संवाद आपोआप कळत होते. वाचायला खाली काही नव्हतं. डोळे मोकळे झाले आणि काय करावं ते त्यांना सुचेना. मी आधी चित्रातलं आकाश पाहिलं. मग खिडकीवरची भुरभुर. मग माल्टेचा हात... अंगठ्याच्या नखापाशी प्लास्टरची पांढरी भुकटी राहिली होती. मी मान वर केली. तो माझ्याकडेच पाहत होता.

“पडदा तिकडे आहे,” मी म्हणाले.

“माहीत आहे.”

“मग?”

“सबटायटल्स असली की तुझ्याकडे बघता येत नाही, गेसा. एकदा बघितलं की दोन वाक्यं जातात.” तो म्हणाला. “गेले सहा महिने मला एकाही मालिकेची गोष्ट धड कळलेली नाही.”

त्या संध्याकाळी मी चमचा कपात ठेवला नाही. त्याने चौथा कप ओतला, पाचवा ओतला.

पुढच्या ऑक्टोबरमध्ये त्याने मला बैठकीच्या खोलीतली भिंत दाखवली. दोन मीटर फळी रिकामी केलेली होती.

“तुझ्या खोक्यांसाठी,” तो म्हणाला. “आणि तुझ्यासाठी... जर तुला यायचं असेल तर.”

“बघते,” मी म्हणाले.

त्याने पुन्हा विचारलं नाही. पण त्या फळीवर त्याने काहीही ठेवलं नाही, किल्ल्यासुद्धा नाहीत. दर भेटीत मला ती जागा दिसायची. मला माल्टेविषयी शंका नव्हती. दोन संग्रह एकत्र लावायला एक दुपार पुरते; वेगळे करायला काय लागतं ते मी एकदा पाहिलं होतं. ‘हे तुझं, हे माझं’ असं त्याच्यासमोर जमिनीवर बसून म्हणायची वेळ आली तर... या वाक्याच्या पुढे मी पाच महिने गेले नाही.

मार्चमध्ये दुकानातून फोन आला. मालिका पुन्हा छापली होती आणि माझ्या नावाची चौथी डबी आली होती.

माल्टे बरोबर आला. वेझर नदीच्या पुलावर तो सरळ समोर पाहत म्हणाला, “बरं झालं. आता वाटणी नको. तुझी तुला, माझी मला.”

“हो.”

“चहाला येशीलच म्हणा. अधूनमधून.”

‘अधूनमधून’ हा शब्द त्याने याआधी कधी वापरला नव्हता.

दुकानात क्र्योगरबाईंनी डबी काउंटरवर ठेवली. “चार वर्षं थांबलीस! घे बाई एकदाची. आणि कव्हर उलटवता येतं बरं का, वयोमर्यादेचा तो ठसठशीत शिक्का आत जातो.”

मी ती हातात घेतली. वजन बरोबर होतं, काट्याची गरज नव्हती. माल्टे मागच्या मांडणीपाशी पाठ करून उभा होता आणि कुठल्यातरी खोक्यामागची बारीक अक्षरं वाचत होता. बराच वेळ वाचत होता.

मी डबी परत ठेवली.

“ही दुसऱ्या कुणाला द्या.”

“का गं? काही खराब आहे का?”

“नाही, उत्तम आहे. पण एका घरात दोन कशाला?”

मांडणीपाशी खोकं खाली ठेवल्याचा आवाज आला.

“माझं खोकं संमेलनात विकायला ठेवीन,” मी म्हणाले.

“रिकाम्या डबीसकट?” क्र्योगरबाई म्हणाल्या. “कोण घेणार ते?”

“असेल कुणीतरी. नुसती चौथी घेऊन बसलेलं.”

माल्टे काउंटरपर्यंत आला. “गेसा, नीट सांग. पाच महिने मी अंदाजच बांधतोय.”

मी त्याच्याकडे पाहिलं. खाली वाचायला काही नव्हतं. जे होतं ते मलाच बोलायचं होतं.

“घरमालकाला तीन महिन्यांची नोटीस द्यावी लागते,” मी म्हणाले. “ती मी आजच देते. जूनमध्ये मी तुझ्याकडे राहायला येतेय.”