पिकअप बघायला आलेला मुलगा

माझ्याकडे धड बघण्याआधीच तो माझ्या गाडीखाली शिरला. एअरपोर्टहून टॅक्सीनं आला, पाठीवरची सॅक ड्राइव्हवेत टेकवली, मला एक घाईचा नमस्कार केला आणि भिजलेल्या सिमेंटवर पाठ टेकून थेट पिकअपच्या पोटाखाली सरकला. बारीक पाऊस पडत होता. मी छत्री घेऊन उभी, आणि मला दिसत होते फक्त त्याचे बूट... छत्री बुटांवर धरावी का, असा विचार मी खरंच केला.

"गंज अजिबात नाही," खालून आवाज आला. मग जरा थांबून — "अजिबातच नाही हो."

इतक्या प्रेमानं माझ्याबद्दलही कधी कुणी बोललं नव्हतं.

त्याचं नाव परीक्षित. मूळचा नागपूरचा, आता मिनेसोटात ईडन प्रेरीला राहणारा, सॉफ्टवेअरवाला. तिकडे हिवाळाभर बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ टाकतात, आणि ते मीठ जुन्या गाड्या खालून खाऊन टाकतं. म्हणून तिकडचे वेडे लोक जुनी पिकअप घ्यायला दक्षिणेत येतात. आमच्या कॅरी गावात बर्फ पडतो तो नावापुरता. त्यामुळे हा गृहस्थ एकाच बाजूचं तिकीट काढून नॉर्थ कॅरोलायनात उतरला होता. गाडी घ्यायची आणि चालवत घरी न्यायची, असा सरळ बेत होता.

गाडी म्हणजे १९९३ सालची छोटी जपानी पिकअप. दोन दारं, पुढे एकच सलग सीट, मागे फ्रिज आडवा झोपेल एवढा हौदा. चार वर्षांपूर्वी रताळी पिकवणाऱ्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याकडून मी ती घेतली, तेव्हा आई फोनवर म्हणाली होती, "मुलगी अमेरिकेत जाऊन टेम्पो चालवते, हे मी कुणाला सांगू?" सुरुवातीला ती धड चालतही नव्हती. ब्रेक मी बदलले, रेडिएटर मी बदलला, सीटचं कव्हर मी शिवलं. सोमवारच्या मीटिंगला नखांत काळं घेऊन बसायचे. या देशात नोकरी, घर, फर्निचर सगळं मिळालं, पण माझ्या हातानं उभं राहिलेलं एवढं एकच होतं. ते विकताना माझा जीव तुटत होता, हे उगाच कशाला लपवू?

पण आमच्या एचओएचं, म्हणजे सोसायटीचं, पत्र आलं होतं. एक तारखेपासून ड्राइव्हवेत पिकअप उभी करायची नाही. गॅरेज एकाच गाडीचं, आणि तिथे माझी चंदेरी, शहाणी सेडान उभी होती. ऑफिसला जायला शहाणीच गाडी हवी, असं सगळे म्हणाले, मीही म्हणाले. जाहिरातीत मात्र एक अट घातली: चालवणाऱ्यालाच द्यायची आहे, खोलून पार्ट काढायला नाही. फोनवरही मी विचारलं होतं, "चालवणार ना?" परीक्षित म्हणाला होता, "हो."

चालवून बघायची म्हटल्यावर मी त्याला उजवीकडचं दार उघडून दिलं आणि आतून पलीकडे सरकायला सांगितलं. ड्रायव्हरच्या दाराचं कुलूप डिसेंबरपासून अडकलं होतं. तो उंच, गिअरच्या दांड्यावरून पाय टाकताना त्याची जी काही त्रेधा उडाली, ती बघून मला हसू आवरेना.

"कुलूप असं अचानक कसं अडकलं?" त्यानं विचारलं.

"काय माहीत. दिवाळीत तर मी तेल घातलं होतं."

"कुठलं?"

"...खोबरेल."

तो सावकाश माझ्याकडे वळला. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यानं मला नीट पाहिलं असावं.

"तुमच्या बाथरूममधली तेलाची बाटली सध्या कशी आहे?"

"गोठलेली. रोज गरम पाण्यात ठेवावी लागते..." आणि माझी ट्यूब पेटली. कुलपातलंही गोठलं होतं.

गेले तीन महिने रोज सकाळी ती बाटली गरम पाण्यात ठेवून, केसांना तेल लावून, मी बाहेर येत होते आणि पिकअप काढायची असली की पलीकडच्या दारानं सरकत बसत होते. रेडिएटर बदलणारी मी! आमच्या घरात दारं, शिलाई मशीन, पंखा, सगळं खोबरेलावर चालायचं. त्यापलीकडे माझं डोकं गेलंच नाही. हेअर ड्रायर आणला, दहा मिनिटं कुलपावर धरला, दार उघडलं. परीक्षित हसला नाही. म्हणजे त्यानं हसू दाबलं, आणि ते दाबलेलं हसू त्याला फार शोभून दिसलं.

मग क्लचनं दगा दिला. गल्लीच्या टोकापर्यंतही गेलो नाही तोच पेडल खाली गेलं ते वर येईना. गाडी ढकलत परत आणली; क्लचचा छोटा सिलिंडर गळत होता. पार्ट दुसऱ्या दिवशी दुपारी मिळणार होता. परीक्षितनं हॉटेल शोधायला फोन काढला, तेवढ्यात समोरच्या घरातून रत्नाकाकू आल्या. मिनेसोटाहून मुलगा बघायला आला आहे, एवढंच त्यांना खिडकीतून समजलं होतं. त्यांनी त्याचं मूळ गाव विचारलं, व्हिसा विचारला, आईवडील कुठे असतात ते विचारलं आणि आपल्या वरच्या खोलीत त्याची सोय लावून टाकली. मी त्यांना सांगायला गेले, की काकू, तो गाडी बघायला आलाय. त्या म्हणाल्या, "बघू दे की. आधी गाडी बघू दे."

शनिवारी दुपारी आम्ही सिलिंडर बसवला. आता क्लचच्या नळीतली हवा काढायची होती. हे दोघांचं काम. एकानं वर बसून पेडल दाबायचं, दुसऱ्यानं खाली झोपून नट सैल करायचा, हवा जाऊ द्यायची, नट आवळायचा. मी वर बसले. तो खाली.

"दाब."

"दाबलं."

"धर... धरून ठेव... आता सोड."

पुन्हा तेच. दाब, धर, सोड. एकमेकांचा चेहरा दिसत नाही, फक्त आवाज. तिसऱ्या वेळेला माझ्या लक्षात आलं, की हा मला 'तू' म्हणायला लागलाय. मीही म्हणायला लागले.

"मागच्या वेळी हवा कुणी काढली होती?" त्यानं खालून विचारलं.

"मीच."

"दुसरं कोण होतं?"

"कुणी नाही. झाडूचा दांडा. सीट आणि पेडलच्या मध्ये अडकवायचा, पळत खाली जायचं, नट उघडायचा, बंद करायचा, पळत वर यायचं."

खाली पाना सिमेंटवर टेकल्याचा आवाज आला. मग तो हळूच म्हणाला, "दाब," आणि त्या एका शब्दात इतकी माया होती, की मला पेडल दिसेना. डोळ्यांत पाणी आलं होतं. क्लचसाठी रडणारी मुलगी म्हणून मी स्वतःला चांगलंच झापलं.

रविवारी ऊन पडलं. गाडी तपासायची म्हणून आम्ही जॉर्डन लेकला गेलो. तपासायला दोन मैल पुरले असते, आम्ही चाळीस फिरलो. त्यानं मला त्याच्या पिकअपबद्दल सांगितलं. अशीच, याच वर्षाची. तीन वर्षं तो तिच्यावर काम करत होता. इंजिन दुसऱ्या मोठ्या गाडीचं, स्वतः खोलून नव्यानं बांधलेलं, हौद्याला ओकच्या फळ्या, एकेक फळी हातानं घासून बसवलेली. मी म्हटलं, तू गाड्या बदलून टाकणाऱ्यांपैकी दिसतोस, मला त्या जशा होत्या तशाच आवडतात. तो म्हणाला, "तू एकही गोष्ट बदलली नाहीस?" मी म्हटलं, "कुलपातलं तेल." तो मोठ्यानं हसला, आणि वाऱ्यानं केस तोंडावर आल्यामुळे मला काही दिसेना, म्हणून की काय, पण मला तेव्हाच कळलं... मी याच्या प्रेमात पडले आहे. तीन दिवसांत. आईला टेम्पो परवडला असता, हे नाही.

परतताना मात्र त्यानं दोनदा काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि दोनदा रस्त्याकडे बघितलं. मला वाटलं, उद्या निघायचं म्हणून असेल. मलाही तसंच होत होतं.

इथे गाडी विकताना टायटलच्या, म्हणजे मालकीच्या, कागदावर नोटरीसमोर सही करावी लागते. सोमवारी सकाळी आम्ही बँकेत गेलो. नोटरीबाईंनी कागद माझ्यासमोर सरकवला, पेन दिलं. मी नावाचं पहिलं अक्षर काढणार, तेवढ्यात परीक्षितनं कागदावर हात ठेवला.

"सही करू नकोस," तो म्हणाला. "बाहेर ये, प्लीज."

बाहेर पार्किंगमध्ये त्यानं सगळं सांगितलं. त्याच्या पिकअपची चेसिस, म्हणजे जिच्यावर सगळी गाडी उभी असते तो सांगाडा, मिठानं सडली होती. बोटानं भोक पडत होतं. त्याला माझी गाडी नको होती, फक्त तिच्या खालची चेसिस हवी होती. माझी गाडी खोलून, कापून, बाकीचं भंगारात देऊन, त्यावर स्वतःची गाडी बसवायची होती.

"फोनवर मी खोटं बोललो. चालवणार म्हटलं. तेव्हा तू म्हणजे फक्त एक जाहिरात होतीस यार..."

"आणि आता?"

"आता मला झाडूचा दांडा दिसतो. नाही होणार माझ्याच्यानं."

मला राग आला, खरा राग. तीन दिवस हा माझ्या गाडीखाली झोपून तिचं कौतुक करत होता ते खाटकासारखं. तसं मी त्याला तोंडावर म्हटलं. त्यानं ऐकून घेतलं, सारवासारव केली नाही. मी पिकअपमध्ये बसले, तो शेजारी बसला, आणि आम्ही घरी निघालो. क्लच मात्र लोण्यासारखा चालत होता, त्याचाही मला राग आला.

ड्राइव्हवेत इंजिन बंद केलं तरी दोघंही उतरलो नाही. तो म्हणाला, विमानाचं तिकीट बघतो. मी विचारलं, तुझ्या गाडीचं काय करणार. त्यानं खांदे उडवले. एवढी चांगली चेसिस पुन्हा मिळणार नाही, हे दोघांनाही माहीत होतं. मग तो खिडकीबाहेर बघत बोलला.

"खरं सांगू? कालपासून डोक्यात उलटंच चाललंय. तुझी नाही, माझीच खोलावी. माझं इंजिन तुझ्या गाडीत बसतं. फळ्याही बसतील. मी काल मापं घेतली, तू आइस्क्रीम आणायला गेली होतीस तेव्हा."

तीन वर्षं, एकेक फळी हातानं घासलेली. ते सगळं तो माझ्या टेम्पोत घालायला निघाला होता. मला राग धरून ठेवायचा होता, पण तो काही केल्या हातात राहीना.

"मी गाड्या आहे तशाच ठेवते," मी म्हटलं.

"माहितीये. म्हणून विचारतोय."

"एक तारखेनंतर ठेवू कुठे पण?"

उत्तर माझ्याकडेच होतं, बहुतेक आठवडाभर असावं, फक्त सगळ्यांच्या शहाणपणाखाली दबलेलं. रोज ऑफिसला या गाडीनं जायची मला भीती वाटायची, कारण ती बिघडली तर मी एकटी. मी उतरले, गॅरेजचं दार वर केलं आणि पिकअपच्या जागेत उभ्या असलेल्या सेडानकडे बोट दाखवलं.

"ही घेतोस?"

"मला सेडान कशाला?"

"घरी जायला," मी म्हटलं. "...आणि परत यायला."

तो उतरून माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मग बोटांवर मोजायला लागला: जायला दोन दिवस, खोलायला एक आठवडा, ट्रेलर जोडून यायला तीन दिवस. इंजिन बसवायला एक वीकेंड, फार तर दोन. काम रिमोट आहे, त्यामुळे... आणि तिथे त्याची बोटं संपली, का धीर संपला, कोण जाणे.

"आणि नाहीच बसलं तर?" त्यानं विचारलं. "माप चुकू शकतं."

मी त्याचा हात धरला. त्याच्या नखांत काळं होतं, माझ्याही होतं.

"मला तू आवडतोस परीक्षित. इंजिन बसलं नाही तरी तू थांब."