चार नंबरचा खोकला

दुपारचे चार वाजले होते. शिंप्याचा ताप बघायचा, सलाईनची बाटली बदलायची आणि त्याच्या बायकोचा निरोप सांगायचा, एवढंच माझं काम होतं.

तो पाच नंबरच्या खोलीत होता. रक्ताचा कॅन्सर. भावाचा बोन मॅरो चढवून नऊ दिवस झाले होते आणि अंगात पांढऱ्या पेशी औषधालाही उरल्या नव्हत्या. साधी सर्दी झाली असती तरी माणूस हातचा गेला असता. म्हणून आमच्या वॉर्डात प्रत्येक खोलीला दोन दारं. बाहेरचं लागल्याशिवाय आतलं उघडत नाही. हवासुद्धा गाळून येते. दिवसभर त्या यंत्राची घरघर आणि स्पिरिटचा वास. आमच्याकडे कुणी किंचाळलं तर आम्ही चालत जातो. कुणी खोकलं तर मात्र पळतो.

गाऊन घालून मी काचेबाहेरचा फोन उचलला. आतून त्यानेही उचलला.

"वहिनी म्हणाल्या, धाकटीचा दात पडला."

"पडला एकदाचा!" तो हसला. मग मला खालपासून वरपर्यंत न्याहाळून म्हणाला, "सिस्टर, या गाऊनचं माप कुणी घेतलं हो? आत आणखी एक बाई मावेल."

"बरे व्हा, मग तुम्हीच शिवून द्या."

"देतो की." जरा थांबून त्याने आवाज खाली आणला. "शेजारी कोण आलंय? सकाळपासून खोकतंय बिचारं…"

शेजारी कुणीच नव्हतं. चार नंबर तीन आठवडे बंद होती. गादी गुंडाळलेली, दाराला कुलूप.

"पाइपचा आवाज असेल," मी म्हटलं आणि चार नंबरपाशी गेले. काचेतून नुसता लोखंडी पलंग दिसला. मी दाराला कान लावला.

आधी काहीच नाही. मग दोनदा कोरडी ढास. तिसरी मात्र कुणीतरी तोंड दाबून गिळली.

तो खोकला मी ओळखला. तो माझाच होता.

आता सगळं सांगते, अर्धवट सांगण्यात अर्थ नाही. आदल्या थंडीत माझा घसा धरला होता. दोघी रजेवर, तिसरीचं बाळ आजारी. मीही घरी बसले तर वॉर्ड कोण बघणार? खोकल्याचं औषध ढोसलं, एकावर एक दोन मास्क चढवले आणि कामावर आले. चार नंबरमध्ये तेव्हा गणिताच्या बाई होत्या. तिसरा खोकला मी गिळला, तशी त्यांनी मान वर केली.

"सिस्टर, खोकला आहे का तुम्हाला?"

"नाही हो बाई, ठसका लागला."

पाचव्या दिवशी त्यांना ताप आला. बाराव्या दिवशी व्हेंटिलेटर. सतराव्या दिवशी मीच त्यांच्या नळ्या काढल्या. संसर्ग कुठून आला, कळलं नाही. मला कुणी विचारलं नाही, मीही तोंड उघडलं नाही.

आणि त्या दुपारीही माझा घसा सकाळपासून खवखवत होता. धूळ असेल, अशी मी मनाची समजूत घातली होती. आताही तेच म्हटलं. पाच नंबरचं बाहेरचं दार उघडून आत शिरले. आतल्या दाराच्या मुठीवर हात ठेवला आणि भिंतीपलीकडून, अगदी कानाशी, कुणीतरी हलकेच म्हणालं,

"ठसका लागला…"

शब्द माझे होते. आवाज बाईंचा.

मी मूठ सोडली. कशी बाहेर आले ते आठवत नाही. तडक मोठ्या सिस्टरांकडे गेले आणि आजचा घसा, मागच्या थंडीतला खोकला, सगळं एका दमात ओकून टाकलं. त्यांनी माझ्या नाकातला नमुना घेतला. तासाभराने रिपोर्ट आला. बाईंना झाला होता तोच आजार.

त्यांनी रिपोर्टची घडी घातली. मग म्हणाल्या, "घरी जा. बरी झालीस की सगळं लेखी दे."

दिलं. माझी त्या वॉर्डातून बदली झाली, ती रास्तच होती. बाईंच्या मुलाला मी स्वतः फोन केला. त्याने सगळं ऐकलं आणि फोन ठेवून दिला. त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

शिंपी मात्र वाचला. तीन महिन्यांनी तपासणीला आला तेव्हा बाह्यरुग्ण विभागात मला शोधत आला. डोक्यावर कोवळे केस उगवले होते.

"सिस्टर, एक विचारू? धाकटीचा दात पडल्याचं सांगितलंत, त्या संध्याकाळी माझ्या खोलीत एक बाई येऊन दाराला पाठ लावून बसली. मला वाटलं, नवीन सिस्टर. बाहेरून कुणीतरी सारखं दार ठोठावत होतं, पण तिने काही उघडू दिलं नाही. अंधार पडेपर्यंत हलली नाही ती."

"कोण ठोठावत होतं?"

तो चमत्कारिक नजरेने माझ्याकडे बघत राहिला.

"तुम्हीच की. काचेतून दिसत होतात. पाचच मिनिटं येऊ द्या, म्हणत होतात… रडत होतात…"

त्या संध्याकाळी मी घरी तापाने फणफणत पडले होते. नवरा उशाशी बसून होता, मी जागची हलले नाही, हे तो आजही शपथेवर सांगतो. दिवेलागणीला मला पाणी पाजताना माझ्या उजव्या हाताची पेरं सोललेली आणि रक्ताळलेली त्यानेच पाहिली होती. त्याने त्यावर पट्टी बांधली. हे कशाने झालं, हे त्याने मला अजून विचारलेलं नाही.