कंटाळा येईपर्यंत

वाळवंटातल्या त्या एकट्या सुळक्यापाशी किती वेळ थांबायचं, यावरून गाडीत सकाळपासून वाद चालला होता. माझ्या मुलाचं म्हणणं, "दगड तो दगड, नाना. पाय मोकळे करू आणि निघू." मला मात्र नातीला दगडाचे थर दाखवायचे होते. शाळेतून निवृत्त झालो तरी माझी मास्तरकी सुटली नव्हती, आणि तिसरीतली भिंगरी ही आता माझी एकुलती एक विद्यार्थिनी होती.

सुळक्याच्या अलीकडे रस्त्यावर साखळी आडवी लावलेली होती. शेजारच्या पत्र्याच्या खोलीतून राखणदार बाहेर आला.

"किती वेळ थांबणार? ज्याचं त्यानं सांगा. सांगाल तेवढं थांबावं लागतं."

"नाहीतर काय, दंड?" मुलगा हसला. राखणदार हसला नाही. "बरं बाबा, एक चहा होईपर्यंत."

"नात निघेल तेव्हा मी," मी म्हणालो.

"आणि ही..." मुलगा बोलू लागला, तसं मी त्याला अडवलं. लहान मुलाला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मोठ्यांनी देऊ नये, हा माझा जन्माचा नियम. "तिचं ती सांगेल. विचार करून सांग गं."

भिंगरीनं डोळे बारीक करून सुळक्याकडे पाहिलं. "मला कंटाळा येईपर्यंत."

"शाब्बास!"

राखणदारानं माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि साखळी सोडली.

सुळका लालसर होता, आणि भर उन्हात हाताला गार लागत होता. पायथ्याशी वारा थांबलेला. आम्ही चालून आलो त्या वाळूवर आमची पावलं उमटली नव्हती. भिंगरी भिंग घेऊन थरांवर वाकली. थर्मासमधला चहा संपला, मुलानं हॉर्न दिला, तिला ओढतच गाडीत बसवलं.

रस्ता सरळ होता. तरी आरशातला सुळका काही लहान होईना. मग तो पुढच्या काचेत दिसला. मग साखळी. मग राखणदार.

पुन्हा निघालो. पुन्हा साखळी.

मुलगा एकटा निघाला, तेव्हा मात्र गाडी ठिपका होऊन दिसेनाशी झाली. परतला तो पाण्याचे कॅन आणि सुजलेले डोळे घेऊन.

"तिला कंटाळू द्या," राखणदार म्हणाला.

"ती कधी कंटाळतच नाही हो," मुलगा म्हणाला.

"हे कुणी शिकवलं तिला?"

मुलानं माझ्याकडे पाहिलं. नीट पाहा, म्हणजे कंटाळा पळतो. पाळण्यात होती तेव्हापासून तिला हेच शिकवत आलो होतो.

आता उलटा धडा द्यायचा होता, आणि तो देऊ शकणारा तिथे मीच होतो.

तिचं भिंग मी दगडानं फोडलं. प्रत्येक प्रश्नाला "माहीत नाही" म्हणू लागलो. तिला राखणदाराच्या खोलीत पत्र्याकडे तोंड करून बसवलं, तर म्हणाली, "आजोबा, खिळ्यांच्या भोकांतून ऊन आत येतं, आणि त्यात धूळ नाचते!" मी भोकांत चिंध्या कोंबल्या.

एकच पाढा सकाळपासून संध्याकाळपर्यंत म्हणायला लावला. तिनं त्याला चाल लावली.

"नाना, पुरे," मुलगा म्हणाला.

"तुला ती घरी हवी आहे ना?"

मग मी तिला सांगितलं, तुझे प्रश्न मूर्खासारखे असतात. मला ते कधीच आवडले नाहीत. ती रडली. रडता रडता अश्रूनं वाळूत पडलेला बारीक खळगा पाहत राहिली.

मी तो पायानं पुसला.

असे दिवस गेले. ती विचारेनाशी झाली. नंतर पाहीनाशी झाली.

एका दुपारी तिनं जांभई दिली.

"कंटाळा आला," ती म्हणाली. "चला ना."

राखणदारानं साखळी सोडली.

या वेळी सुळका लहान होत गेला. मुलगा स्टिअरिंगवर हात मारत हसत होता, रडत होता. एक कोल्हा रस्ता ओलांडून गेला. भिंगरी माझ्या शेजारी मांडीकडे बघत बसली होती. तिनं मान वर केली नाही.

खिडकी उघडी होती. मागून, सुळक्याच्या बाजूनं, बारीक, उत्सुक आवाज आला.

"आजोबा, हे बघा ना! हे काय आहे?"

शेजारी भिंगरीचे ओठ मिटलेले होते.

मुलानं गाडी हळू केली. "नाना, काही ऐकू आलं?"

"नाही," मी म्हणालो. "काच वर घे."