चार हिसके

समुद्रावरून सुट्टीला आलेला माणूस आष्ट्याजवळच्या रानात, आपल्याच विहिरीवर गळ घेऊन बसला तर लोक हसणारच. मानसिंगाला त्याचं काही नव्हतं. त्याचं जहाज दुरुस्तीसाठी मुंबईच्या गोदीत लागलं होतं, म्हणून थोडी सुट्टी पदरात पडली होती आणि ती आज संपत होती. गळाची टूम निघाली लियाकतच्या डोक्यातून. कुपवाडच्या एका कारखान्यात पंप जुळवणारा हा शाळेपासूनचा दोस्त, मिरज स्टेशनवर सोडायला राजदूत फटफटी घेऊन आला होता. गाडीला अजून अवकाश होता.

"तुज्या विहिरीचं पानी खारं झालंय म्हनत्यात. म्हंजी दर्याच की रं गड्या," लियाकत म्हणाला. "बघू तरी, नेव्हीवाला काय धरतोय."

पाणी खारं झालं होतं खरं, पण त्यात नवल काही नव्हतं. उसाला पाणी पाजून पाजून या पट्ट्यातल्या जमिनी मीठ ओकायला लागल्या होत्या. बांधावर पांढरी पापडी धरली होती आणि ऊस गुडघ्याएवढा होऊन पिवळा पडला होता. वडील गेल्यापासून या वस्तीवर मानसिंगाची आई साळूबाई आणि तिची म्हैस, एवढीच काय ती जित्राबं. प्यायचं पाणी म्हातारी लांबच्या मळ्यातून डोक्यावर आणायची. आष्ट्यात दिलेली त्याची बहीण हरणाबाई तिला राहायला बोलावून थकली होती. आज आईला बहिणीकडे पोचवायचं आणि मगच गाडीत बसायचं, असं मानसिंगानं मनाशी ठरवलं होतं. तिला इथं एकटं टाकून जायला त्याचा जीव धजत नव्हता. सकाळपासून तो तिच्या मागे लागला होता, पण म्हातारी बधत नव्हती.

शेवटी वैतागून तो लियाकतबरोबर विहिरीवर आला. जुन्या मोटेच्या दगडांवर दोघं पाय सोडून बसले. ऊन कलतं झालं होतं. मानसिंगानं गळाला कणकेची गोळी लावली, शिशाचा तुकडा बांधला आणि नायलॉनचा तंगूस खाली सोडला. विहिरीत बेडूक नव्हते. कपारीत पारवेही नव्हते. खालून येणारा वास मात्र ओळखीचा होता. ओल्या दोरखंडाचा, शेवाळलेल्या लाकडाचा, गोदीत येतो तसा.

तंगूस उतरत राहिला. गुंडाळी संपत आली तरी शिसं टेकल्याचं कळेना.

"तळ कुटं गेला रं?" लियाकतनं विचारलं.

"गाळात रुतत असंल."

"पार पाताळात गाळ हाय व्हय तुज्या?" लियाकत हसला आणि त्यानं बिडी पेटवली.

जहाजावर मानसिंगाचं काम दोर धरायचं. पाणबुड्या खाली गेला की त्याच्या कमरेचा दोर वर मानसिंगाच्या हातात. पाण्याखाली बोलता येत नाही, तिथं दोरच बोलतो. एक हिसका म्हणजे 'ठीक आहेस ना?' चार हिसके म्हणजे 'वर येऊ का?' जेवढे हिसके खालून येतील तेवढेच वरून परत द्यायचे, म्हणजे झाला होकार. वर्षानुवर्षं हेच केल्यानं हे काम त्याच्या डोक्यातून निघून हातात उतरलं होतं. दोर हातात असताना गप्पा मारायचा, चहा प्यायचा, पण हात कधी चुकला नाही. त्याचा त्याला अभिमान होता.

तंगूसाला एक हिसका बसला.

मासा असा ओढत नाही. मासा धडपडतो, पळतो. हा एकच होता, मोजूनमापून दिलेला. लियाकत कारखान्यातल्या मुकादमाची काहीतरी गंमत सांगत होता, मानसिंग त्यावर हसत होता, आणि हसता हसता त्याच्या हातानं एक हिसका परत दिला.

थोडा वेळ काही झालं नाही.

मग चार आले. सावकाश, सारख्या अंतरानं.

हातानं चार दिले.

दिल्यावर त्याला कळलं.

तंगूस सैल पडला. मानसिंगानं तो भराभरा वर ओढला. गळाला कणकेची गोळी तशीच होती, कुणी तोंडसुद्धा लावलेलं नव्हतं.

"सुटला व्हय?" लियाकतनं विचारलं.

मानसिंग पाण्याकडे बघत होता. मधोमध उठलेली एक लाट पायऱ्यांच्या बाजूला सरकत गेली आणि तिथंच विरली. पाणी पुन्हा काचेसारखं झालं.

पाण्याबाहेरची पहिली पायरी ओली झाली.

मग तिच्या वरची.

"वारं तर न्हाई," लियाकत हळूच म्हणाला. त्याची बिडी हातातच विझली होती.

"तू गाडी चालू कर. मी आयेला घिऊन येतो."

मानसिंग भ्याला होता. वादळात भ्याला नव्हता इतका भ्याला होता. बांधावरून तो धावतच घरी आला. साळूबाई सोप्यात घोंगडी अंथरून शेंगा फोडत बसली होती.

"आये, ऊठ. हाय तशी चल. तुला एकटीला मी हितं ठिवनार न्हाई."

सकाळपासून याच गोष्टीवरून तणतणणारी म्हातारी आता तणतणली नाही. तिनं मान वर केली आणि त्याच्या खांद्यावरून मागं पाहिलं. चेहरा एकदम निवळला.

"आता एकटी कशी असंन?" ती म्हणाली, आणि शेंगांचं सूप उचलून घोंगडीवर जरा बाजूला सरकली. "आन् तू का असा दार अडवून हुबा हाईस? त्येला आत यिऊं दे की."

लांब रस्त्यावर लियाकत राजदूतला किक मारत होता.

मानसिंगानं मागं वळून पाहिलं नाही. आईनं सांगितलं तसा तो दारातून बाजूला झाला.

घोंगडीची मोकळी कड हळूहळू ओली होत गेली.