पहिल्या तीन तासांची नोंद

नवा व्हिडिओ गेम आला की पहिले तीन तास तो खेळायचा आणि संध्याकाळपर्यंत त्यावर लिहून द्यायचं, हे माझं काम. चौदा वर्षं करतेय. खेळताना वहीत वेळ टाकून नोंदी करते : काय दिसलं, कुठे कंटाळले, कुठे हसू आलं. आमच्या संपादकबाई विचारतात, तू खेळतेस की पंचनामा करतेस? मी मनावर घेत नाही. पंचनाम्यात निदान कविता नसते.

त्या शनिवारचा गेम मात्र मी मागून घेतला होता. तीस वर्षांपूर्वीचा एक जपानी गेम, कंपनीने पुन्हा पहिल्यापासून घडवलेला. समुद्रकाठचं गाव, तिथून निघालेले चार वाटसरू, पुढे राक्षस, तलवारी, जादू, असा सगळा मामला. मूळ गेम आमच्याकडे होता. मामा जहाजावर नोकरीला होता, त्याने आणलेला. सगळा जपानीत. मी सहा वर्षांची, दादा बारा वर्षांचा. गावातल्या कुणाशी बोललं की पडद्याच्या तळाला अक्षरांची चौकट उघडायची आणि दादा ती बिनदिक्कत वाचून दाखवायचा. त्याला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, सगळ्या लोणकढ्या थापा होत्या, हे मला चांगली पंधरा वर्षांची झाल्यावर समजलं. तोवर मैत्रिणींना सांगून झालं होतं की माझ्या भावाला जपानी येतं.

या वेळी गेम मराठी भाषांतरासह आला होता. ती माणसं खरं काय बोलत होती ते अखेर कळणार होतं, आणि कळताना दादा शेजारी असावा अशी माझी इच्छा होती. दादा दवाखान्यात होता. सोमवारी त्याच्या हृदयाची झडप बदलायची होती. ऑपरेशन नेहमीचंच आहे, असं डॉक्टर म्हणाले, पण त्यांनी 'बघू' हा शब्द दोनदा वापरला आणि वहिनीचा चेहरा पार उतरला. मला आई आठवत नाही म्हटलं तरी चालेल. मला वाढवलं ते दादाने.

सकाळी दहाला मी त्याच्या खोलीत पोचले. वहिनी अंघोळीला घरी गेली होती. दादा झोपला होता. खाटेशेजारच्या यंत्राचा टिक् टिक् आवाज चालू होता, आणि खिडकीचा हिरवा पडदा एका कडीतून निसटून लोंबत होता. मी स्टुलावर बसले, हातात धरून खेळायचा कन्सोल काढला, एका कानात इअरफोन घातला आणि वही मांडीवर घेतली.

दहा वाजून बारा मिनिटं. पाणी सुरेख. लाकडी धक्क्यावर पावलांचा आवाज वेगळा, वाळूवर वेगळा. जुन्या पिपाणीछाप संगीताच्या जागी खरंखुरं व्हायोलिन. लढाईची बटणं हाताला पटकन बसतात. नकाशा तोच ठेवलाय, शहाणपणा केला.

दहा पंचवीस. बेकरीवाला. मी त्याच्यासमोर उभी राहून बटण दाबलं. चौकट उघडली : 'पाव जळाला तर जळू दे, पण मांजरीला सांगू नका.'

हे दादाचं वाक्य होतं. आमच्या शेजारी एक बेकरीवाला राहायचा, त्याची मांजर त्याच्यावर डाफरायची, त्यावरून दादाने जुळवलेलं. मी वहीत लिहिलं, 'योगायोग?' आणि पुढे गेले.

विहिरीवरचा पहारेकरी म्हणाला, 'आत चंद्र पडलाय. कुणी नेऊ नये म्हणून उभा आहे.' काठीवाला म्हातारा म्हणाला, 'मी तीनशे वर्षांचा आहे, गुडघे तेवढे चारशेचे.' हीसुद्धा दादाची. एक शब्द इकडचा तिकडे नाही.

मी शांतपणे विचार केला. दादाने लहानपणी कुठूनतरी भाषांतर मिळवलं असेल आणि माझ्यापुढे शायनिंग मारली असेल, एवढंच. आमच्या ऑफिसात एक भाषांतरकार आहे. त्याला जपानी खरोखर येतं आणि हाच गेम त्यालाही आला होता. मी बेकरीवाल्याचा फोटो काढून त्याला पाठवला. पाच मिनिटांत त्याचा फोन आला. त्याच्याकडे बेकरीवाला म्हणत होता की उत्तरेचा रस्ता बंद आहे. मूळ जपानीतही तेच होतं, त्याने नुकतंच ताडून पाहिलं होतं. मांजर कुठेच नव्हती. तुला कुठली प्रत मिळाली, असं तो पुन्हा पुन्हा विचारत राहिला. मी काहीतरी बोलून फोन ठेवला.

बोलण्याने दादा जागा झाला. मी त्याला कन्सोलचा पडदा दाखवला. मांजर वाचून तो इतका हसला की छातीवर हात दाबून धरावा लागला. पहारेकरी वाचून नुसताच हसला. म्हाताऱ्यापाशी हसू मावळलं. हे कुणी लिहिलंय, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, तू. तेव्हा कुठे वाचलं होतंस का, असंही मी विचारलं. त्याने नाही अशी मान हलवली. सगळं मनाचं होतं, त्याने ते कुणालाच कधी सांगितलं नव्हतं.

तो कन्सोलकडे वाकला. मग म्हणाला, "निळं घर आहे का यात?"

होतं. गावाच्या टोकाला, धक्क्याच्या पलीकडे. खिडकीत एक बाई उभी असायची, एवढंच मला आठवत होतं.

"तिचं तू काय वाचायचास?" मी विचारलं.

दादाने उशी पाठीशी ओढून घेतली. तो हळू आवाजात सांगू लागला. आई दवाखान्यात होती ते दिवस. मी एका संध्याकाळी भुणभुण लावली होती, खिडकीतली बाई काय म्हणते ते सांग, सांग. तो वैतागला. मला रडवायचं म्हणून त्याने वाचून दाखवलं, 'आई घरी येणार नाही.' मी रडले. त्याने खटका ओढून गेम बंद केला. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यातून निरोप आला.

"मला कुणी काही सांगितलं नव्हतं गं," दादा म्हणाला. "ती बरी होतेय असंच सगळे म्हणत होते. मी उगाच बोललो."

तीस वर्षं हा माणूस हे उरात घेऊन वावरला होता. मी त्याचा हात धरला, तो गार होता.

तू बारा वर्षांचा होतास, मी म्हटलं. त्याने ऐकलं की नाही कोण जाणे. त्याने माझ्या हातातून कन्सोल घेतला. नको, राहू दे, असं मी दोनदा म्हटलं. तोवर त्याचा वाटसरू धक्का ओलांडून गेला होता.

निळं घर. खिडकी. बाईचा चेहरा नीट काढलेला नव्हता. एवढ्या सुबक गेममध्ये तेवढंच अर्धवट.

दादाने बटण दाबलं.

'आई घरी येणार नाही.'

खाली, चौकटीच्या कोपऱ्यात, एक छोटा बाण उघडझाप करत होता.

"पुढे आहे अजून," दादा म्हणाला. "तेव्हा मी इथेच बंद केलं होतं."

"आताही कर."

टिक् टिक् वाढली. एका नर्सने दारातून डोकावून यंत्राकडे पाहिलं, पेशंटला बोलायला लावू नका म्हणाली आणि गेली. दादाचा अंगठा बटणावरच होता.

"आता बोललो तर?" त्याने विचारलं. "चांगलं काही बोललो तर?"

मी नको म्हणायला हवं होतं. पण सोमवार परवावर आला होता, आणि डॉक्टर 'बघू' म्हणाले होते. मला माझा दादा हवा होता. मी म्हटलं, "बोल."

त्याने घसा खाकरला. मग लहानपणी वाचायचा त्याच आवाजात, ठसक्यात, तो वाचू लागला, "रडू नकोस. तुझा दादा घरी जाईल. होता तसाच राहील, कधी बदलणार नाही."

आणि बटण दाबलं.

'रडू नकोस. तुझा दादा घरी जाईल. होता तसाच राहील, कधी बदलणार नाही.'

बाण नव्हता. संपलं होतं. आम्ही दोघं वेड्यासारखे हसलो आणि मग मी रडले.

सोमवारचं ऑपरेशन इतकं सुरळीत झालं की डॉक्टरच चकित झाले. माझा जीव भांड्यात पडला. मी रखडलेला लेख देऊन टाकला : दृश्यं उत्तम, संगीत उत्तम, गावकरी जिवंत वाटतात. गेम कंपनीला परत पाठवला. दवाखान्यात त्याला काचेतूनच पाहू देत होते. दहा दिवसांनी दादा घरी आला आणि रविवारी दुपारी मी त्याला भेटायला गेले.

तो खिडकीशी खुर्चीत बसला होता. दाढी केलेली, गालांवर रंग आलेला. कसं वाटतंय, मी विचारलं.

"छान," दादा म्हणाला. "जिना चढताना जरा दम लागतो, एवढंच." त्याने डावा गुडघा चोळला आणि बाहेर पाहिलं.

वहिनीने पाणी आणलं. मी रस्त्यावरच्या गर्दीचं काहीतरी सांगितलं. तो ऐकत होता, चेहरा प्रसन्न. बोलणं खुंटलं म्हणून मी सहज म्हटलं, मग, एकूण बरं आहे ना?

"छान. जिना चढताना जरा दम लागतो, एवढंच." हात डाव्या गुडघ्यावर गेला. नजर बाहेर गेली.

वहिनी हळूच म्हणाली, "आल्यापासून असंच. भुलीचा अंमल उतरायला वेळ लागतो म्हणे." आणि ती ग्लास घेऊन आत गेली.

गेमच्या गावात प्रत्येकाला एकच वाक्य दिलेलं असतं. तुम्ही काहीही विचारा, कितीदाही विचारा. चौदा वर्षांत अशा हजारो माणसांशी मी बोललेय. ती कशी उभी असतात, कशी वाट पाहतात, मला ठाऊक आहे.

मी स्टूल ओढून अगदी त्याच्या समोर बसले. त्याचे दोन्ही हात हातात घेतले. आता ते उबदार होते.

"दादा," मी विचारलं, "मी कोण आहे?"

त्याने माझ्याकडे मायेने पाहिलं.

"छान," तो म्हणाला. "जिना चढताना जरा दम लागतो, एवढंच." आणि गुडघ्याकडे न्यायला त्याचा डावा हात माझ्या हातातून अलगद सुटू लागला.