संकोचांक

माणदेशातल्या तीन तालुक्यांचा आरोग्य विमा सुखाधार कंपनीकडे सोपवायचा की नाही हे ठरवण्याआधी तिथली चार लाख माणसं एकदा आजारी पाडून पाहायची होती. तयारी तपासणी कक्षातल्या यंत्रानं ते काम चाळीस मिनिटांत उरकलं.

आजारी पडली ती खरी माणसं नव्हेत, त्यांचे प्रतिसदस्य. सरकारी आरोग्य विम्यातल्या प्रत्येक सदस्याच्या जुन्या तपासण्या, औषधांच्या चिठ्ठ्या, वय, धंदा, घरापासून दवाखान्याचं अंतर, हे सगळं एकत्र केलं की यंत्राच्या आत एक माणूस उभा राहतो. त्याला नाव नसतं, नुसता क्रमांक असतो. पण त्याला ताप येतो, त्याची साखर वाढते, आणि काही दुखलं की तो कंपनीला फोन करतो. पूर्वी कंपन्या कागदोपत्री अगदी सज्ज असायच्या आणि पहिल्याच महिन्यात माणसं दवाखान्याच्या दारातून परत फिरायची. म्हणून कायदा झाला. एकही खरा सदस्य हाती देण्याआधी कंपनीनं प्रतिसदस्यांचं अख्खं वर्ष सांभाळून दाखवायचं. फोन किती वेळात उचलला, डॉक्टर किती लांब मिळाला, रुग्णवाहिका कधी पोचली, असे एकूण चौऱ्याऐंशी निकष होते. सुखाधारनं चौऱ्याऐंशीच्या चौऱ्याऐंशी पार केले.

डॉ. मृणाल टिळेकर खूश होती. हे प्रतिसदस्य तिनंच बारा वर्षं खपून घडवले होते. शिवाय जुनी कंपनी महिनाअखेर गाशा गुंडाळणार होती, तेव्हा नवी पास झाली हे सगळ्यांच्याच सोयीचं होतं. राहिली होती फक्त सगुणा व्हनमाने यांची सही. तपासणी समितीवर एक साधा विमेदार असावा आणि त्यानं लेखी हरकत घेतली तर करार थांबावा, अशी कायद्यात तरतूद आहे. सगुणाबाई आटपाडीकडच्या एका खेड्यात पिठाची गिरणी चालवायच्या. दोन दिवस त्या एसीच्या गारठ्यात शाल गुंडाळून बसल्या, प्रतिसदस्यांचे फोन ऐकले, आणि काही विचारायचंय का म्हटल्यावर प्रत्येक वेळी मान हलवून नाही म्हणाल्या. मृणाल त्यांना एसटी स्टँडवर सोडायला गेली, तेव्हा गाडीतून उतरता उतरता त्या थांबल्या.

"मॅडम, राग मानू नका. पर ती माणसं आमच्याकडची न्हाईत."

"का हो मावशी? बोली तर तुमचीच आहे."

"बोली हाय. पर फोन उचलला की लगीच 'छातीत दुखतंय' म्हनतोय त्यो. असं कोण म्हनतं? आधी समोरच्याचं जेवान झालं का इचारावं. मग पाऊसपाण्याचं. दुखण्याचं निघालंच तर 'तसं काय न्हाई, बरं हाय' म्हनायचं. त्यानं पुन्यांदा इचारलं, तर मग सांगायचं."

"आणि त्यानं पुन्हा नाहीच विचारलं तर?"

सगुणाबाईंना या प्रश्नाचंच नवल वाटलं. "मग काय, आपल्या कामाला लागायचं."

मृणाल कचेरीत परतली ती स्वतःवर चिडूनच. बारा वर्षं तिनं माणसांना यकृत दिलं, मूत्रपिंड दिलं, रक्तदाब दिला, आणि भीड द्यायची विसरली. तसं पाहिलं तर भीड मोजणं अवघड नव्हतं. मदतवाहिनीच्या जुन्या नोंदी पडून होत्याच. किती रिंगांनंतर माणसानं फोन ठेवून दिला, दुखणं सुरू झाल्यापासून पहिला फोन किती दिवसांनी केला, 'बरं आहे' म्हटल्यावर आठवड्याभरात कितीजण थेट अतिदक्षता विभागात आले. या सगळ्यावरून तिनं प्रत्येक सदस्याला शून्य ते शंभर असा एक आकडा दिला आणि त्याला नाव दिलं संकोचांक. शहरात तो सरासरी बावीस भरला, या तीन तालुक्यांत एकाहत्तर.

मग तिनं प्रतिसदस्यांमध्ये संकोचांक घातला आणि तेच वर्ष पुन्हा चालवलं. सुखाधारचा निकाल पहिल्यापेक्षा चांगला लागला. फोन पटापट उचलले गेले, तक्रारी जवळजवळ संपल्या, रुग्णवाहिका रिकाम्या उभ्या राहिल्या. फक्त घरच्या घरी मेलेले प्रतिसदस्य तीनशे बारांनी वाढले. तो रकाना नियमांत नव्हताच. नियमातला प्रत्येक निकष फोन वाजल्यापासून सुरू होतो, आणि जो फोन करत नाही तो नियमाच्या लेखी आजारीच नसतो.

सगुणाबाईंना तिनं परत बोलावून घेतलं. त्या तीनशे बारांतले काही शेवटचे फोन दोघी ऐकत बसल्या. एकात मागे गिरणीची घरघर ऐकू येत होती. कंपनीच्या गोड आवाजानं पायाला सूज आहे का असं विचारलं. बाई म्हणाली, दिवसभर उभं राहून सुजतात, त्यात काय. समस्येचं निराकरण झालं का, असं आवाजानं विचारलं. बाई म्हणाली, झालं की, तुमचं चालू द्या. त्यानंतर एकतीस दिवसांनी ती प्रतिसदस्य पिठाच्या पोत्याला टेकून बसल्या बसल्या गेली होती.

सगुणाबाईंनी स्वतःच्या सुजलेल्या पावलांकडे पाहिलं. "मी बी असंच बोलले असते," त्या हळूच म्हणाल्या.

प्रतिसदस्याचं काय झालं हे मूळ माणसाला कळू द्यायचं नाही, असा कडक नियम आहे. मृणालनं तो खुंटीला टांगला आणि ती बाई म्हणजे त्यांचीच प्रतिसदस्य हे त्यांना सांगून टाकलं. खोदून खोदून विचारल्यावर सगुणाबाईंनी कबूल केलं की महिनाभर त्या भिंतीला टेकूनच झोपतात, आडवं झालं की दम लागतो. त्याच दुपारी तिनं त्यांना इस्पितळात नेलं. हृदयाची एक झडप निकामी झाली होती. आठवड्यात ऑपरेशन झालं आणि सगुणाबाई वाचल्या.

खाटेवर बसून त्या भाकरी खाऊ लागल्या तेव्हा मृणालनं खरी अडचण त्यांच्यापुढे मांडली. हरकत घ्यायची तर पुरावा द्यावा लागणार. आपण कुठे कमी पडलो हे कंपनीला कळायलाच हवं, कायदा तसं म्हणतो आणि त्यात काही चूक नाही. पण पुरावा म्हणजे चार लाख माणसांचे संकोचांक, एकूण एक.

"मावशी, ही कोण तक्रार करणार नाही त्याची यादी आहे. ती कंपनीच्या हातात द्यायची मला भीती वाटते."

"सांगितल्याबिगर त्येंना कळायचं कसं? माणसं वाईट नसत्यात मॅडम. म्हाईत नसतं त्येंना."

तीनशे बारा माणसं खरोखर मरू द्यायची नसतील तर दुसरी वाट नव्हती. तिनं हरकत लिहिली, सगुणाबाईंनी खाटेवरच सही केली, यादी कंपनीकडे गेली. जुन्या कंपनीच्या हातापाया पडून तिला आणखी एक महिना थांबवून घेतलं.

सुखाधारनं कामही प्रामाणिकपणे केलं, हे सांगायलाच हवं. ज्यांचा संकोचांक साठच्या वर, त्यांना कंपनीचं यंत्र दर आठवड्याला आपणहून फोन करू लागलं. आधी जेवणाचं विचारायचं, मग पावसाचं, आणि दुखण्याचं तीनदा विचारायचं. तिसऱ्या चाचणीत घरी मेलेल्यांचा वाढीव आकडा एकोणीसवर आला. करार झाला. पुढची दोन वर्षं त्या तालुक्यांत कितीतरी माणसं वेळेवर दवाखान्यात पोचली, आणि मृणालला रात्री शांत झोप लागू लागली.

दोन वर्षांनी कराराची मुदत संपली. नव्या निविदा मागवल्या. सगळ्या कंपन्यांना सारखी संधी मिळावी म्हणून संकोचांकांची यादी प्रत्येकीला द्यावी लागली. सगुणाबाई पुन्हा समितीवर होत्या. आल्या त्याच हसत.

"अकरा कंपन्या आल्यात म्हनं, मॅडम! मागं एक मिळवताना नाकी नऊ आलतं. आमचा मुलूख कुणी इचारत न्हवतं, आता रांग लागलीया."

मृणालनं त्यांना बसवलं आणि सगळं नीट समजावून सांगितलं. अकराही कंपन्यांनी चौऱ्याऐंशी निकष पार केले होते. आपणहून फोन करायची तयारी मात्र एकीनंही दाखवली नव्हती, आणि या खेपेला त्यात सुखाधारही होती. फोन करणं निकषांत नव्हतं, आणि त्याला खर्च येत होता. तो पंच्याऐंशीवा निकष व्हावा म्हणून मृणालनं पाठवलेला प्रस्ताव अजून मंत्रालयात फिरत होता. जिथली माणसं आजार अंगावर काढतात आणि तक्रार करत नाहीत, तिथं कंपनीला कमीत कमी काम पडतं. माणदेश आता राज्यातला सगळ्यात सोयीचा मुलूख झाला होता. यादी वाचून हे त्यांना कळलं होतं, आणि यादी मृणालनं केली होती.

सगुणाबाईंचं हसू मावळलं. मृणालनं हरकतीचा कागद पुढे केला. तो लिहून तयार होता, फक्त सही हवी होती. त्यांनी एकेका ओळीवर बोट ठेवत तो सगळा वाचला.

"बरोबर हाय तुमचं," त्या म्हणाल्या. "खरं हाय सगळं."

पेन त्यांनी हातात घेतलं. काचेपलीकडे कंपन्यांची माणसं बसली होती. सकाळी त्यांच्यातल्या एकानं सगुणाबाईंना खुर्ची दिली होती, दुसऱ्यानं ऑपरेशनची चौकशी केली होती. त्यांनी एकदा तिकडे पाहिलं आणि पेन कागदावर आडवं ठेवून दिलं.

"पर ती माणसं भाईर बसल्यात, मॅडम. एवढ्या लांबनं आल्यात. त्येंच्या तोंडावर न्हाई कसं म्हनायचं?"

सगुणाबाईंचा संकोचांक अठ्ठ्याऐंशी होता. तो मृणालला पाठ होता, आणि बाहेर बसलेल्या अकरा जणांनाही.