शहाणं फाटक आणि इन्स्पेक्टरचं रॉकेट

"उघडलं! पुन्हा उघडलं!" भिंतीचा घोडा करून बसलेला लिंबू बोंबलला.

इन्स्पेक्टरने करकचून ब्रेक दाबला. गाडी थांबली नाही, कारण ती उभीच होती! मामाच्या जुन्या गाड्या विकायच्या आवारात नुकतीच आलेली ही पांढरी गाडी म्हणजे सुट्टीतलं पोलीस मुख्यालय. तिच्यात बसून इन्स्पेक्टरने इतके चोर पकडले होते, की जगातले सगळे तुरुंग तुंबले असते. शेजारच्या सीटवर मामेबहीण खारूताई पेन्सिल कुरतडत बसलेली, आणि तिचा धाकटा भाऊ लिंबू पहाऱ्यावर.

भिंतीपलीकडे दातांच्या डॉक्टरांचा बंगला. त्यांचं विजेवर सरकणारं फाटक दोन दिवस मनाला येईल तेव्हा उघडत होतं. आज तर त्यातून त्यांचा कुत्रा पसार झाला, थेट मोठ्या रस्त्यावर! रखवालदारकाका धापा टाकत त्याला उचलून घेऊन आले, तर डॉक्टर कमरेवर हात ठेवून उभे. तिघं भिंतीला लटकून ऐकू लागले.

"हल्लीच्या मालात दमच नाही," मामाही येऊन म्हणाला. "आमच्या वेळचं फाटक हत्तीने ढकललं तरी हलत नसे!"

"फाटक नवंकोरं आहे. आणि रिमोट फक्त यांच्या खिशात!" डॉक्टर गुरगुरले.

"साहेब, शपथेवर सांगतो, मी बटणाला बोटसुद्धा लावलं नाही," रखवालदारकाका म्हणाले.

आता आपल्या इन्स्पेक्टरला कुठला धीर धरवतोय!

"ते दुपारी डुलक्या काढतात! मी स्वतः पाहिलंय. झोपेत दाबलं जात असेल बटण!"

"शाबास! मुलगा हुशार आहे," डॉक्टर म्हणाले. "काका, उद्यापासून येऊ नका."

रखवालदारकाकांनी इन्स्पेक्टरकडे एकदाच पाहिलं. कालच त्यांनी त्याला दोन बोटांची शिट्टी वाजवायला शिकवली होती. मग ते आपली घडीची खुर्ची मिटायला लागले.

मुख्यालयात परतल्यावर खारूताई म्हणाली, "आपण जेवायला गेलो की फाटक गुणी बाळ. आपण इथे आलो की त्याच्या अंगात येतं. असं का रे?"

"योगायोग! चल, पाठलाग सुरू! रॉकेट सोडतोय!" इन्स्पेक्टरने आरशाखालचं बटण दाबलं.

"उघडलं!" लिंबू ओरडला.

इन्स्पेक्टरने पुन्हा दाबलं.

"मिटलं!"

पुन्हा.

"उघडलं! ताई, फाटक नाचतंय!"

इन्स्पेक्टरचे कान इतके तापले, की त्यांच्यावर शर्टाला इस्त्री करता आली असती. खारूताईने गाडीच्या पडद्यावर बोट फिरवलं. 'घर' असं लिहिलं होतं, आणि खाली पलीकडच्याच बंगल्याचा पत्ता. मग फोन नंबर : आई, बायको, दवाखाना.

"ही डॉक्टरांची गाडी! त्यांनी बाबांना विकली, पण घर, माणसं, फाटकाचं बटण, सगळं आतच ठेवून! आणि रॉकेट..." ती हळूच म्हणाली, "रॉकेट तू सोडत होतास."

चोर सापडला होता. तो ड्रायव्हरच्याच सीटवर बसला होता.

तेवढ्यात मामा एका बाईंना घेऊन आला. "बघा बाई, आतून-बाहेरून पुसून लख्ख! आवडली तर आत्ता घेऊन जा. ए पोरांनो, उतरा!"

इन्स्पेक्टरच्या डोक्यात चोरपावलांनी विचार आला : गाडी गेली की फाटक आपोआप शहाणं होईल. कुणाला काही कळणार नाही. त्याने खारूताईकडे पाहिलं. ती पेन्सिल चावत होती. भिंतीपलीकडे रखवालदारकाका खुर्ची सायकलला बांधत होते. गाठ काही केल्या बसत नव्हती.

इन्स्पेक्टरने दोन बोटं तोंडात घातली. अशी शिट्टी वाजली, की झाडावरचे कावळे दुसऱ्या गावाला राहायला गेले!

"डॉक्टरकाका! फाटकाकडे बघा!" त्याने बटण दाबलं. फाटक सरकलं. "मीच! दोन दिवस मीच उघडत होतो! मला माहीत नव्हतं... पण रखवालदारकाकांचं नाव घेताना मी विचारही केला नाही!"

डॉक्टर धावत आले. पडद्यावर आईचा नंबर पाहून त्यांचा चेहरा उतरला. "मोबाइलला मी बोटाचं कुलूप लावतो, आणि गाडीत घरच विसरलो!"

"अगंबाई! मीही माझी जुनी गाडी अशीच विकली की!" बाई पर्स उघडून फोन शोधू लागल्या.

मामा मान खाली घालून पुटपुटला, "मी फक्त काचा पुसल्या." मग त्याने बाईंच्यादेखत पडद्यावरचं सगळं काढून टाकलं, बटणाची आठवणसुद्धा.

डॉक्टरांनी रखवालदारकाकांचे दोन्ही हात धरून माफी मागितली आणि गाठ स्वतः सोडली. मग इन्स्पेक्टरची पाठ थोपटली. "शाबास!" मामाही म्हणाला, "शाबास रे!" मघाशी गोड लागलेला तो शब्द आता पाठीवर चटके देत होता.

तो रखवालदारकाकांसमोर जाऊन उभा राहिला. मान वर होईना.

"डुलकी मी काढली होती," काकाच म्हणाले. "ते खोटं नव्हतं. शिट्टी मात्र झकास वाजवलीस!" त्यांनी खुर्ची उलगडली, बसले, आणि रिमोट खिशातून काढून त्याच्या हातावर ठेवला. "जरा डोळे मिटतो. फाटक तू सांभाळ."

आणि ते खरंच घोरायला लागले!

इन्स्पेक्टर फाटकाशी ताठ उभा राहिला. नाकावर माशी बसली, तरी त्याने पापणी हलवली नाही.